सिनेमातला मतदार आणि सिनॉप्सिसमधला मतदार

राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा मराठी विषयातल्या पीएच.डी. प्रवेशासाठी लिहिलेल्या चार-पाच सिनॉप्सिस मिळवून वाचा. विषय निवडणूक, मतदान, स्थानिक राजकारण असा काही असेल, तर पहिल्या दोन पानांत एक वाक्य हमखास भेटतं. आजचा मतदार पैशाला, दारूला, जातीला आणि भूलथापांना बळी पडतो. या वाक्याला संदर्भ नसतो, आकडा नसतो, तळटीप नसते. आणि गंमत म्हणजे मुलाखतीला बसलेलं पॅनलही त्याबद्दल काही विचारत नाही, कारण विचारणाऱ्यालाही ते खरंच वाटत असतं.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा. हे तुम्हाला कुठून कळलं?

टपरीवर ऐकलं, एसटीत ऐकलं, घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं, गावात एका वर्षी पाकिटं वाटल्याचं कुणीतरी सांगितलं. पण या सगळ्या ऐकीव गोष्टींना एक चित्र लागतं, आणि ते चित्र आपल्याला सिनेमानं दिलेलं असतं. रात्रीची जीप, जाकीट घातलेला कार्यकर्ता, वस्तीच्या तोंडाशी थांबलेली रांग, नोटांचं बंडल. तुमच्या गावात हे झालं असो वा नसो, डोळ्यांसमोर मात्र हेच येतं.

म्हणून आज लिटरेचर रिव्ह्यू बाजूला ठेवून तीन सिनेमांबद्दल बोलू. ‘सिंहासन’, ‘न्यूटन’ आणि ‘धुरळा’. तिन्ही बघण्यासारखे आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्या राजकीय सिनेमात सत्ता दिसते, नेता दिसतो, पत्रकार दिसतो, प्रामाणिक अधिकारी दिसतो. मत देणारा माणूस मात्र जवळजवळ दिसतच नाही. आणि तो दिसत नाही म्हणूनच त्याच्याबद्दल कुणालाही काहीही बोलता येतं. तुमच्या सिनॉप्सिसमध्येसुद्धा.

‘सिंहासन’: निवडणूक नसलेला राजकीय सिनेमा

मराठीतला सर्वोत्तम राजकीय सिनेमा कोणता असं विचारलं, की दहापैकी आठ जण ‘सिंहासन’ म्हणतात. १९७९ चा सिनेमा. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, पटकथा विजय तेंडुलकरांची, आधार अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांचा. मुख्यमंत्री जिवाजीराव म्हणजे अरुण सरनाईक, त्यांना खाली खेचायला निघालेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे श्रीराम लागू, आणि हे सगळं बघत फिरणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले.

आजही तो शिळा वाटत नाही. कोण कुणाला फोन करतो, कोण कुणाकडे जेवायला जातो, कुणाच्या आजारपणाचा अर्थ काय काढायचा, यातून सत्ता कशी हलते हे इतक्या बारकाईनं मराठीत फार कमी ठिकाणी आलंय. शेवटी दिगूचं ते वेड्यासारखं हसणं डोक्यातून जात नाही.

पण पुन्हा बघाल तेव्हा वही घेऊन बसा आणि एकच गोष्ट नोंदवा: यात मतदान कुठं आहे? नाही. शहरातली गरीब माणसं आहेत, कामगार आहेत, संपाचं राजकारण आहे, स्मगलिंगच्या कामाला लागलेले हात आहेत. म्हणजे ‘जनता’ आहे. पण ती राबते, संपावर जाते, भरडली जाते. मत देत नाही. राज्य कुणाचं हे आमदारांच्या गोळाबेरजेवर ठरतं, आणि ते आमदार जणू आभाळातून पडलेले असतात.

आता सिनेमा जरा बाजूला ठेवून त्या काळाचे आकडे बघा. फेब्रुवारी १९७८ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ मिळाल्या. बहुमत कुणालाच नाही. दोन्ही काँग्रेसनी मिळून वसंतदादा पाटलांचं सरकार बनवलं आणि जुलैमध्ये ते पडलं, शरद पवार मुख्यमंत्री झाले. म्हणजे खुर्ची डळमळली ती फक्त बंगल्यांतल्या कारस्थानांमुळे नाही. ती आधी मतदारांनी डळमळीत करून ठेवली होती. त्याच्या आदल्या वर्षी, १९७७ मध्ये, याच देशातल्या मतदारांनी केंद्रातली सत्ता उलटवली होती. त्या वेळचा मतदार हा बहुधा त्या दशकातला सर्वात प्रभावी राजकीय नट होता. आणि त्या दशकाच्या सर्वात गाजलेल्या राजकीय सिनेमात त्याला भूमिका नाही.

इथं दोन सूचना, तुमच्या उपयोगाच्या.

पहिली. ‘सिंहासन’ म्हणजे १९७८ च्या घडामोडींवरचा सिनेमा, असं अनेक जण ठोकून लिहितात. साधूंच्या कादंबऱ्या त्या घडामोडींच्या आधीच्या आहेत. प्रेक्षकांनी सिनेमा १९७८ च्या चष्म्यातून पाहिला, हे म्हणणं वेगळं आणि सिनेमा १९७८ वर आहे, हे म्हणणं वेगळं. पहिलं प्रेक्षकांबद्दलचं विधान आहे, दुसरं लेखकाबद्दलचं. प्रबंधात ही गल्लत झाली की व्हायवाला पहिला प्रश्न तिथंच येतो.

दुसरी. सिनेमात मतदार नाही, हा सिनेमाचा दोष आहे असं मी म्हणत नाहीये. साधूंना आणि पटेलांना सत्तेचं वर्तुळ दाखवायचं होतं, ते त्यांनी दाखवलं. दोष आपला आहे. सत्तेच्या वर्तुळावरचा सिनेमा आपण लोकशाहीवरचा सिनेमा म्हणून वाचला, आणि त्यातून ‘लोकांच्या हातात काही नसतं’ असा निष्कर्ष काढला. कॅमेरा ज्या खोलीत गेला नाही, त्या खोलीत कुणी नव्हतं असं धरून चाललो.

‘न्यूटन’: मतदार आहेत, पण मुके

अमित मसूरकरांचा ‘न्यूटन’ हिंदी, २०१७ चा. गोष्ट छत्तीसगडच्या दंडकारण्यातली. नव्यानं नोकरीला लागलेला कारकून न्यूटन कुमार, म्हणजे राजकुमार राव, एका दुर्गम केंद्रावर मतदान घ्यायला जातो. यादीत ७६ मतदार. सुरक्षा दलाचा अधिकारी आत्मा सिंह, म्हणजे पंकज त्रिपाठी, याला हे सगळं लवकर आवरायचंय. स्थानिक शिक्षिका आणि बूथ लेव्हल ऑफिसर मलको, म्हणजे आपली अंजली पाटील, दोघांकडेही जरा लांबून बघते.

‘सिंहासन’च्या तुलनेत हे मोठं पाऊल आहे. इथं मतदान केंद्र आहे, यंत्र आहे, बोटाची शाई आहे, नियमपुस्तिका आहे. निवडणूक ही एक सरकारी प्रक्रिया कशी घडते, हे इतक्या मायेनं दाखवणारा दुसरा सिनेमा मला माहीत नाही. वरिष्ठ अधिकारी परदेशी पत्रकाराला घेऊन येणार म्हणून जवान गावकऱ्यांना अक्षरशः गोळा करून आणतात, तो प्रसंग तर प्रत्येक संशोधकानं दोनदा बघावा. आकडेवारीत ‘मतदान झालं’ असं दिसतं, त्यामागं काय काय असू शकतं, ते तिथं कळतं.

पण वही काढा. त्या गावकऱ्यांपैकी किती जणांची नावं तुम्हाला आठवतात? मत देऊन आम्हाला काय मिळणार, हा त्यांचा प्रश्न सिनेमात येतो. तो प्रश्न अडाणीपणाचा नाही, अगदी नेमका आहे. पण सिनेमा त्या प्रश्नामागं जात नाही, न्यूटनच्या चेहऱ्याकडे वळतो. सिनेमाचं प्रेम नियमावर आणि नियम पाळणाऱ्यावर आहे. शेवटी त्या नियमासाठी न्यूटन बंदूकही हातात घेतो. मतदार त्याच्या तत्त्वनिष्ठेची परीक्षा म्हणून तिथं आहेत. इथून काही तासांच्या अंतरावर राहूनही तुला आमच्याबद्दल काही ठाऊक नाही, अशा अर्थाचं मलको त्याला सुनावते. माझ्या मते हा टोमणा सिनेमालाही लागू पडतो.

प्रेक्षक बाहेर पडतो तो काय घेऊन? ‘त्या बिचाऱ्यांना मत म्हणजे काय तेच कळत नाही.’ हे सिनेमाचं मत नसेलही, पण प्रेक्षकाच्या हातात तेच पडतं.

आता दंडकारण्याच्या आपल्या बाजूला या, गडचिरोलीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवला, देशात अगदी सुरुवातीला ज्या गावांना तो मिळाला त्यांतलं हे एक. तिथली ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं निर्णय घेते. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात. आता सांगा, मत म्हणजे काय हे यांना कळत नाही, की आपल्याला कळतं त्यापेक्षा वेगळं आणि जास्त कळतं?

आणखी एक. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत गडचिरोली जिल्ह्यात मतदान ७० टक्क्यांच्या वर गेलं. मुंबई शहर जिल्ह्यात ते साधारण ५२ टक्के होतं. ‘शिकलेले लोक मतदान करत नाहीत’ असा निष्कर्ष लगेच काढू नका हं. शहरातल्या याद्यांमध्ये घर बदललेल्यांची, मयत झालेल्यांची, दोन ठिकाणी नोंद असलेल्यांची नावं राहून जातात, त्यामुळे छेद मोठा होतो आणि टक्केवारी खाली येते. म्हणजे हा आकडाही जसाच्या तसा वापरता येत नाही. पण ‘अडाणी माणसाला मताची किंमत नाही’ हे वाक्य ज्याला लिहायचंय, त्याला या आकड्याला उत्तर द्यावंच लागेल.

‘शिकलेल्यांनाच मताधिकार हवा’

हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. बरेचदा ते आपल्याच वर्गात, पदव्युत्तर पदवी घेतलेल्या लोकांत ऐकू येतं. म्हणून जरा थांबू.

१९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे साक्षरतेची अट घातली असती, तर पाचातल्या चार माणसांना पहिल्या निवडणुकीतून वगळावं लागलं असतं. ती अट घातली गेली नाही हा योगायोग नव्हे. १९१९ च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा मताधिकार मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटींना बांधलेला होता आणि या अटी म्हणजे व्यवहारात जातीच्या अटी होत्या. पुढे सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमात तो आला. आधी २१ वर्षांचा, मग ६१ व्या घटनादुरुस्तीनं १९८९ पासून १८ वर्षांचा.

पहिल्या निवडणुकीच्या यादीत १७ कोटींहून जास्त नावं होती. पण सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी ओळख सांगितली होती आणि निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशा नोंदी मानायला नकार दिला. यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. बायकांना स्वतःच्या नावानं नागरिक म्हणून उभं राहायला लावणारा तो निर्णय होता, आणि त्याच निर्णयानं त्या खेपेला त्यांचं मत गेलं.

या याद्या कशा तयार झाल्या, याचा अभ्यास ऑर्नित शनी यांनी केलाय. २०१८ मध्ये आलेलं ‘हाऊ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक’ हे पुस्तक तुमचा विषय काहीही असला तरी वाचा. कारण त्यांनी सामान्य माणसांची मतं कुठं शोधली ते बघण्यासारखं आहे. राज्यघटना लागू होण्याआधीच याद्यांचं काम सुरू झालं होतं, तेव्हा लोकांनी आणि संघटनांनी संविधान सभेच्या सचिवालयाशी जो पत्रव्यवहार केला, त्यात. आमचं नाव का नाही, निर्वासितांची नोंद कुठं करायची, अशा तक्रारी आणि शंका. म्हणजे ‘लोकांना मताधिकाराबद्दल काय वाटत होतं’ याचा पुरावा लोकांच्याच अक्षरात सापडला. सिनेमात नाही, अग्रलेखात नाही.

‘धुरळा’: उंबऱ्याच्या आतलं राजकारण

तिसरा सिनेमा २०२० चा, समीर विद्वांस यांचा ‘धुरळा’, लेखन क्षितिज पटवर्धन यांचं. सरपंच असलेला कर्ता माणूस जातो आणि त्याच्या जागेसाठी एकाच घरातली माणसं एकमेकांसमोर उभी राहतात. मोठी नटमंडळी, गाणी, विनोद, सगळा व्यावसायिक मसाला. त्यामुळे विद्यापीठातल्या चर्चेत याचं नाव कुणी घेत नाही. माझ्या मते तीनपैकी मतदारांच्या सर्वात जवळ जाणारा हाच आहे.

कारण एकच. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवार आणि मतदार एकमेकांना अनोळखी नसतात, हे या सिनेमाला माहीत आहे. कोण कुणाच्या बांधाला बांध लावून आहे, कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, कुणाच्या बापानं कुणाला अडीनडीला पैसे दिले होते, हे सगळं मतात उतरतं. शहरी डोळ्याला ते ‘भावकीचं राजकारण’ दिसतं. गावातल्या माणसासाठी ती माहिती असते, आणि चांगल्या प्रतीची माहिती असते. शिवाय घरातल्या बायकांची महत्त्वाकांक्षा सिनेमा हसण्यावारी नेत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून असलेल्या राज्यात, ‘बाई नावाला, कारभार नवऱ्याचा’ या एका विनोदावर आपला सिनेमा किती वर्षं तगला, हे आठवून बघा म्हणजे याची किंमत कळेल.

कमी पडतो तो इथं: घर एकदा मध्यभागी आलं की गाव प्रेक्षक होतं. टाळ्या वाजवतं, हसतं, झेंडे नाचवतं. गावानं काय विचार करून मत दिलं, हा प्रश्न कौटुंबिक नाट्यात विरून जातो.

आणि गावातलं पैशाचं राजकारण? तेही सिनेमाच्या ठरलेल्या चित्रात बसत नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. कारण सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला होता. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेल्याच्या, खोंडामळीत ४२ लाखांपर्यंत गेल्याच्या बातम्या होत्या, आणि पैसा मंदिराच्या कामासाठी म्हणून बोलला गेला होता. निवडणूक बिनविरोध होणार होती.

नीट बघा, इथं कुणाचंही मत विकत घेतलं गेलेलं नाही. मत देण्याची वेळच येऊ नये, याची बोली लागली. रात्रीची जीप नाही, पाकीट नाही. उघड्यावर, सर्वांसमोर, देवाच्या नावानं. गावातल्या कित्येकांना यात भ्रष्टाचार दिसलाही नसेल, उलट पैसा एकाच्या खिशात जाण्यापेक्षा गावाच्या कामाला आला असं वाटलं असेल. मग ज्या बाईला, ज्या वस्तीला बोली लावणं परवडत नाही, तिच्या मताधिकाराचं काय झालं? संशोधनाचा प्रश्न हा आहे. ‘मतदार विकला जातो’ या वाक्यात तो मावत नाही.

मग पाकिटाचं काय?

पैसे वाटले जातात, हे कुणी नाकारत नाहीये. प्रश्न आहे पैसे घेतल्यानं मत जातं का.

लिसा ब्योर्कमन यांनी मुंबईच्या २०१२ च्या महापालिका निवडणुकीत वस्त्यांमध्ये राहून काम केलं आणि ‘अमेरिकन एथ्नॉलॉजिस्ट’मध्ये २०१४ साली लेख लिहिला. शीर्षकातच उत्तर आहे: मत विकत घेता येत नाही. त्यांना दिसलं ते असं की निवडणुकीतला पैसा हातोहात फिरतो, तो फिरताना नाती तयार होतात, कोण कुणाचा माणूस आहे आणि कुणाची किती पोहोच आहे हे त्यातून दिसतं. त्याला ‘मताची किंमत’ म्हटलं की यातलं काहीच दिसेनासं होतं. सायमन शोशार यांनीही मुंबईतच अभ्यास केला, २०१८ मध्ये ‘एशियन सर्व्हे’त छापून आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वाटप करून मतं मिळतीलच याची खात्री उमेदवारांनाही नसते. पण समोरचा वाटतोय, मग आपण नाही वाटलं तर? या भीतीनं सगळेच वाटतात. म्हणजे अडकलेला कोण? आपण समजतो तो मतदार नव्हे, उमेदवार.

आणि मुकुलिका बॅनर्जी यांचं २०१४ चं ‘व्हाय इंडिया व्होट्स?’ वाचा. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत वेगवेगळ्या राज्यांत संशोधकांनी राहून केलेल्या कामावर ते आधारलंय. लोक मतदानाला का जातात? त्यांना सापडलेल्या उत्तरांत एक वारंवार येतं. त्या एका दिवशी, त्या एका रांगेत, सगळे सारखे असतात. मालक आणि मजूर एकामागं एक उभे राहतात, दोघांच्या बोटाला तीच शाई लागते. एरवी वर्षभर जे मिळत नाही ते त्या दिवशी मिळतं. हे आपल्या किती सिनेमांत आलंय? शाई लावलेलं बोट आपण फक्त सेल्फीत बघितलं.

एका गोष्टीत मात्र टपरीवरचं शहाणपण संशोधनाच्या बरोबरीचं आहे. ‘कुणी कुणाला मत दिलं ते त्यांना कळतंच,’ असं लोक म्हणतात. आपण हसतो, मतदान गुप्त असतं हो! पण निवडणूक झाल्यावर ‘फॉर्म २०’ प्रसिद्ध होतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं. एका केंद्रात साधारण हजारभर मतदार. म्हणजे तुमचं एकट्याचं मत गुप्त, पण तुमच्या वस्तीचं मत उघड. रस्ता, पाणी, गटार वस्तीलाच मिळतं किंवा मिळत नाही. मग वस्तीतल्या माणसाची भीती खुळी कशी? केंद्रांची मतं एकत्र मिसळून मोजावीत असा प्रस्ताव निवडणूक आयोगानंच दिला होता, तो अमलात आलेला नाही.

आता तुमच्या सिनॉप्सिसकडे

सिनेमावर काम करायचं असेल तर जरूर करा. फक्त सिनेमा कशाचा पुरावा आहे, ते आधी ठरवा. ‘सिंहासन’वरून तुम्ही हे सांगू शकता की १९७० च्या दशकाच्या शेवटी मराठी मध्यमवर्गाला राजकारण कसं दिसत होतं, किंवा निदान बनवणाऱ्यांना ते कसं दाखवावंसं वाटलं. त्यावरून मतदार कसा होता ते सांगता येत नाही. प्रेक्षकांवर परिणाम झाला म्हणायचं असेल, तर प्रेक्षकांकडे जावं लागेल: त्या काळची परीक्षणं, वाचकांची पत्रं, आज तो बघणाऱ्यांशी बोलणं.

मतदारांवर काम करायचं असेल तर तीन गोष्टी.

‘तुम्ही पैसे घेता का?’ असं प्रश्नावलीत विचारू नका. खरं उत्तर मिळणार नाही, आणि विचारताना तुम्ही समोरच्या माणसाचा अपमान करताय. त्याऐवजी मतदानाचा दिवस सकाळपासून सांगायला लावा. किती वाजता उठलात, कुणाबरोबर गेलात, वाटेत कोण भेटलं, आदल्या रात्री दारात कोण आलं होतं. ‘दुसऱ्या आळीत काय चालतं?’ असं विचारलं तर माणसं भरभरून बोलतात, पण मग ते दुसऱ्या आळीबद्दलचं मत म्हणून नोंदवा, वस्तुस्थिती म्हणून नाही.

सर्व्हेच करायचा असेल, तर यादी-प्रयोगाची पद्धत शिकून घ्या. अर्ध्या लोकांना चार साध्या गोष्टींची यादी द्यायची, अर्ध्यांना त्याच चार अधिक एक नाजूक गोष्ट. कुठल्या घडल्या ते विचारायचं नाही, फक्त किती घडल्या तो आकडा विचारायचा. दोन गटांच्या सरासरीतल्या फरकावरून नाजूक गोष्टीचं प्रमाण कळतं, आणि कुणा एकाचं गुपित फुटत नाही. नमुना पुरेसा मोठा लागतो, ५० जणांवर हे करू नका.

आणि आकडा मिळाला म्हणून अर्थ मिळाला असं समजू नका. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीण मतदारसंघात ‘नोटा’ला २७,५०० मतं पडली आणि ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर राहिला. ही नाराजी होती, की कुणाच्या सांगण्यावरून झालं? फॉर्म २० हे सांगणार नाही. त्यासाठी तिथं जावं लागेल. जाण्याआधी एक माहिती वहीत असू द्या: विधानसभेत ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो. पण महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांसाठी राज्य आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानं तसं झाल्यास फेरनिवडणूक घ्यायची तरतूद आहे. म्हणजे एकच बटण, दोन निवडणुकांत दोन वेगळे अर्थ. तुमच्या उत्तरदात्याला यातला कोणता ठाऊक आहे, ते विचारून बघा. तो एक चांगला शोधनिबंध होईल.

शेवटचं. पहिल्या पानावरचं ते वाक्य खोडून टाका असं मी म्हणणार नाही. ते राहू द्या, पण जागा बदला. प्रस्तावनेतून काढून संशोधन प्रश्नांत टाका. ‘मतदार विकला जातो’ हे गृहीत न धरता, ‘मतदार विकला जातो असं कोण म्हणतं, कुणाबद्दल म्हणतं आणि म्हणून काय मिळवतं’ असं विचारा. हे वाक्य जवळजवळ नेहमी दुसऱ्याच्या मताबद्दल असतं. स्वतःचं मत विकलं गेलं असं म्हणणारा माणूस मला फील्डवर अजून भेटलेला नाही.